बिनउंबऱ्याची खोली

८ जानेवारी १९९५, रविवार

आले: लाकडी पॅलेट, नग २२. किंमत: फुकट — असं हे म्हणतात. टेम्पोभाडं: कळलं नाही. ड्रायव्हरला दोन वेळा चहा, सोबत शेव.

वहीत कोणत्या खान्यात लिहू? फुकटाचा खाना माझ्या वहीत नाही.

पॅलेट म्हणजे जाड फळ्या ठोकून केलेल्या चौकटी. कारखान्यात मशीन, पोती त्यावर ठेवून येतात अन् माल उतरला की त्या टाकून देतात. यांनी सगळ्या गोठ्याशेजारी रचल्या, वर ताडपत्री घातली. म्हणाले, "खोली बांधू." कशासाठी? "सामानाले. खताच्या गोण्या, पंपाचं सामान." चोवीस वर्षं झाली मला या घरात. खताच्या गोण्या पडवीत राहिल्या, एकीने तक्रार केली नाही.

एका फळीवर काळ्या रंगाने इंग्रजी अक्षरं आहेत. मॅट्रिकपुरतं इंग्रजी अजून येतं. धुळे लिहिलं आहे.

इथेच अडलं. आमच्या असोद्याहून जळगावची एमआयडीसी सायकलवर जाण्यासारखी. तिथे अशा चौकटी रस्त्याकडेला पडलेल्या असतात, लोक सरपणाला नेतात. मग शंभर किलोमीटरवरून धुळ्याच्या का?

ड्रायव्हर हिलाल तिकडचाच, अहिराणी बोलतो. चहा देताना विचारलं, "कुठला माल आहे भाऊ?" म्हणाला, "जवयना माल शे, बाई." अन् यांच्याकडे बघून हसला. जवळला आमच्याकडे जवय म्हणतात, तिकडेही तेच. फळीवर धुळे, अन् तोंडात जवळचा माल. पढवून ठेवलेला दिसतो. त्याचा कप रिकामा व्हायच्या आत यांनी त्याला टेम्पोत बसवलं.

९ जानेवारी

जेवताना विचारलं, धुळ्याहून आणल्या का चौकटी? म्हणाले, "भाजीत मीठ कमी हाये."

मीठ बरोबर होतं.

१२ जानेवारी, गुरुवार

एकादशी. सकाळचा पाठ झाला पण चित्त गोठ्याकडेच. ठक ठक ठक.

पहारीने फळ्या उचकटतात तर फळी चिरते. जीवराम सुतार आला होता, त्याने दाखवलं — दोन फळ्यांच्या मध्ये करवतीचं पातं घालायचं अन् खिळाच कापायचा. त्याने बरं निघतं. जे खिळे अख्खे निघतात ते हे दगडावर ठोकून सरळ करतात, डालडाच्या डब्यात टाकतात. खिळे सरळ करणारा माणूस मला आवडतो, खोटं का लिहू. याच माणसाने मागच्या वर्षी देव्हाऱ्याची फळी निखळली तेव्हा महिनाभर मला दोरी बांधायला लावली होती.

चार फळ्यांना औषधाचा वास येत होता, पिवळा डाग होता. म्हटलं, चुलीला घेते. हे एकदम ओरडले, "त्या नको! कारखान्याचं काय सांडेल असन तिच्यावर. धूर बरा नाही." अन् त्या चारही नेऊन बांधावर टाकल्या. खोलीलाही लावल्या नाहीत. खताच्या गोण्यांना कसला वास बाधतो?

म्हटलं, मग दोन चांगल्या द्या, डब्यांसाठी मांडणी करते. "मोजून आनल्या." फुकटच्या फळ्या अन् मोजून!

१७ जानेवारी

तुपाची बरणी दोन बोटं खाली गेली आहे. मी संक्रांतीला पोळीपुरतं काढलं होतं, त्याच्या खुणेला काचेवर कुंकवाचं बोट लावते. त्याच्याही खाली. मांजर झाकण लावून जात नाही.

१९ जानेवारी, गुरुवार

बेबाबाई दुपारी निवडायला तूर घेऊन आली. शेजार आहे, येते. पण आज तूर निमित्ताला होती. तिचा भाचा एसटीत कंडक्टर.

"का व शेवंता, नाना धुयाले काय करू राह्यले?"

मी म्हटलं, धुळ्याला बाजार असेल.

"बाजार मंगयवारी. पोऱ्याने शनवारी पाह्यले. हातात केळाची फनी, पिशवीत बरनी, अन् केसाले तेल लावेल. मले काय करनं हाये, पन मी म्हनलं तुले सांगून द्यावं." मग दोन दाणे निवडून म्हणाली, "खोली बी बांधू राह्यले म्हनते. चांगलं हाये. मानसाले जागा पाह्यजे."

कोणत्या माणसाला, ते तिने म्हटलं नाही. मीही विचारलं नाही. तिला दोन लाडू देऊन घालवलं, त्यातला एक तिने घरी नेला.

शनिवारी हे मला धरणगावला जातो सांगून गेले होते. सरकीचा भाव बघायला.

२० जानेवारी

सदऱ्याच्या खिशात एसटीची तिकिटं सापडली. भाड्याचा आकडा पाहिला. एवढ्या भाड्यात धरणगावला दोनदा जाऊन येता येतं.

परत तशीच ठेवली.

२२ जानेवारी, रविवार

आले: फळ्या सुट्या, नग ६४. गठ्ठे चार. किंमत: पुन्हा फुकट.

या वेळी चौकटी नाहीत. कोणीतरी तिकडेच खिळे काढून, फळ्या घासून, लांबीप्रमाणे गठ्ठे बांधून दिलेत. हिलाल म्हणाला, "खिया बी काढी ठेवेल शेतस, बाई. आते नुस्तं ठोकानं काम." परक्यासाठी कोण चौसष्ट फळ्यांचे खिळे काढतं?

अन् एक गठ्ठा सुतळीने नव्हता बांधलेला. लुगड्याच्या काठाची पट्टी होती, निळी. गाठ मारून टोक आत खोचलेलं. पुरुष असं खोचत नाही. पुरुष गाठ मारतो अन् सोडून देतो.

ती पट्टी सोडवून धुऊन वाळवली. पिठाच्या डब्यामागे, या वहीशेजारी ठेवली आहे. लागेल कधी.

२९ जानेवारी

या घरात दोन नावं मी घेत नाही. एक यांचं, रीत म्हणून. दुसरं मुलीचं, यांनी सांगितलं म्हणून. वहीत लिहायचं टाळत होते पण आज त्यावाचून दुसरं काही सुचत नाही.

एकच मुलगी. जळगावला कॉलेजात होती. तिथून मोतीलालशी नोंदणी लग्न करून सुरतेला निघून गेली. मुलगा आपल्यातला नाही. दोन वर्षं होतील होळीला. भाऊबंद जमले तेव्हा मारुतीच्या पारावर उभं राहून हे म्हणाले होते, "ती माझ्या घराचा उंबरा चढनार नाही. अन् तिचं नाव माझ्यासमोर कोनी घेयाचं नाही." मारुतीसमोरचा शब्द. मी देवळाच्या दाराआड होते. तेव्हापासून नाव नाही. सुरतेचं एक कार्ड आलं होतं पहिल्या दिवाळीला, पत्ता होता त्यावर. मी ते देवाच्या पोथीत ठेवलं. उत्तर दिलं नाही.

मुलगी गेली ते सोसलं. आता या वयात घर दुसऱ्या कोणाला वाटून द्यायचं असेल तर तेही सोसू का? मला सरळ सांगावं. मी भाकरी करून घालीन पण आंधळी होऊन नाही.

११ फेब्रुवारी, शनिवार

भिंती उभ्या राहिल्या. बाभळीचे खांब, त्यावर फळ्या उभ्या ठोकल्या, फटींवर बारक्या पट्ट्या. वर पत्रे, जुन्या गोठ्याचेच. काम चांगलं झालं आहे, हे लिहिलंच पाहिजे. चौकट कुठे कुबडी नाही.

हे म्हणाले, आतून शेणामातीचा गिलावा कर, वारा येता कामा नये. केला. हात चालत होते अन् डोकंही. गोण्यांना वारा लागला तर बरंच.

पूर्वेला खिडकी. दाराला कडी आहे — आतून! बाहेरून कोयंडासुद्धा नाही. सामानाच्या खोलीला कोणी आतून कडी लावतं का? गोणी उठून कडी लावणार आहे?

जीवराम कडी ठोकत होता, त्याला विचारलं. तो म्हणाला, "काकू, मी सुतार. नाना म्हने आतून, मी ठोकली आतून."

१४ फेब्रुवारी

दाराला उंबरा नाही.

जीवरामने लाकूड कापून ठेवलं होतं. हे म्हणाले, उंबरा नको. जीवराम हसला, "नाना, उंबरा नाही तं दार कसं म्हनाचं? पानी शिरन, इच्चू-काटा शिरन."

"शिरू दे. उंबरा बसवायचा नाही."

मग मलाच पुढे व्हावं लागलं. म्हटलं, उंबऱ्याशिवाय दार अशुभ असतं, हळदीकुंकू कुठे वाहायचं? लक्ष्मी कुठून येईल? यांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "लक्ष्मीले उंबरा लागत नाही," अन् हातोडी घेऊन मागच्या बाजूला गेले.

देवाधर्माला हसणारा माणूस नव्हता हा. कोणाच्या नादाने झालं आहे हे?

२७ फेब्रुवारी, सोमवार

महाशिवरात्र. महादेवाला बेल वाहून आले तर खोलीत जीवराम बाज करत बसलेला. दोरीची नाही, त्याच पॅलेटच्या फळ्यांची. रंध्याने तासून तासून गुळगुळीत केलेल्या. हे समोर उभे राहून सांगत होते, फळ्या चिकटवू नको, मध्ये दोन बोटं फट ठेव.

"दोन बोटं? नाना, पाठीले रुतन की."

"वर गोधडी येईन. फट ठेव."

मी बाहेरच थांबले. मग एक विचार आला अन् हायसं वाटलं — केळी पिकवायची मांडणी असेल! वर घड ठेवायचे, खाली धुरी द्यायची. फटीतून धूर वर जातो. वारा येऊ नये म्हणून गिलावा. सगळं जमलं. मी उगाच पापाचा विचार करत होते, महादेवाची क्षमा मागितली.

हे दोघं गेल्यावर आत जाऊन वितीने मोजलं. उंची गुडघ्याएवढी. लांबी माणसाची. डोक्याच्या बाजूला फळी थोडी तिरपी, टेकून बसायला.

केळी टेकून बसत नाहीत. क्षमा परत घेतली.

५ मार्च

हे पुन्हा शनिवारी गेले होते. या वेळी धरणगाव नाही म्हणाले, काहीच नाही म्हणाले. परत आले तर चेहरा उतरलेला. जेवले नाहीत. नव्या खोलीत जाऊन रिकाम्या बाजेवर बसून राहिले.

तिने नाही म्हटलं असेल. बरं झालं.

असं लिहिलं खरं. पण त्यांना तसं बसलेलं बघून बरं वाटलं नाही.

१२ मार्च, रविवार

आज घडलं ते क्रमाने लिहिते.

हे मळ्यात होते. हिलाल आला. टेम्पोत केळी भरायला फैजपूरला निघाला होता, वाटेत उरलेल्या सहा फळ्या टाकायला थांबला. मी ठरवूनच ठेवलं होतं. ज्वारी पाखडत होते, सूप हातात तसंच, म्हटलं, "हिलालभाऊ, धुळं जवळ आहे का हो? त्या दिवशी जवळचा माल म्हणालात."

तो म्हणाला, "जवयना कोन म्हने, बाई? जवाईना! तुमना जवाईना माल शे. मोतीलालभाऊ आमनी कंपनीमा स्टोअरले शेतस ना."

जवाई. जवय नाही, जवाई.

मी म्हटलं, मोतीलाल सुरतेला आहे.

"सा महिना हुयनात धुयाले ईसन. सायबाले इचारीसन टाकेल पॅलेट लिन्हात, रोज कामवरथीन येवावर खिया काढे. अन् वहिनीनी गठ्ठा बांधात." मग माझा चेहरा बघून त्याचा पडला. "नानानी सांगं नही का तुमले? मी काही बोलनू नही हां, बाई." चहासुद्धा न घेता निघून गेला.

सहा महिने धुळ्यात, अन् मला पत्ता नाही. रोज कामावरून येऊन खिळे काढणारा जावई, अन् वहिनी म्हणजे ती. निळा काठ तिचा. दीड महिना मी तिच्या लुगड्याची पट्टी पुरावा म्हणून लपवून ठेवली होती!

सूप तिथेच टाकून खोलीत गेले. बाजेवर बसले. फटीत बोटं घातली — दोन बरोबर बसतात. अन् मग कळलं. एवढी बाळंतपणं केली मी गावात, जावांची, नणंदांची, बेबाबाईच्या सुनेचं. बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवतात, ओवा अन् शेपा टाकून धुरी देतात. दोरीच्या बाजेतून धूर आपोआप वर येतो. फळ्यांची केली तर फट ठेवावी लागते.

औषधाच्या फळ्या म्हणून फेकल्या. वारा नको म्हणून गिलावा. कडी आतून, बाईमाणसासाठी.

अन् उंबरा नाही. पारावर म्हणाले होते, उंबरा चढणार नाही. चढायला उंबराच ठेवला नाही. अन् घरही यांचं नाही, जावयाच्या लाकडाचं.

सगळं माझ्यासमोर मांडलं होतं. मी प्रत्येक फळी वाचली अन् भलतंच वाचलं.

१३ मार्च, सोमवार

मला एकादशी होती. यांचं ताट वाढलं अन् समोर बसले. वाढता वाढता म्हटलं, "बाजेला दोन बोटं फट जास्त होते. शेगडीची आच लागेल. मध्ये एकेक बारकी पट्टी ठोकून घ्या."

यांनी घास खाली ठेवला. म्हणाले, "बरं."

मी विचारलं, कितवा?

"आठवा लागला."

मग हळूहळू बोलले. दिवाळीनंतर धुळ्याला बैल बघायला गेले होते, बाजारात मोतीलाल समोर आला. पाया पडला. ओढून घरी नेलं. एक खोली, पत्र्याची, खाली मोरीचं पाणी. तिथे बाळंतपण कसं होणार? मोतीलालला आई नाही.

"मग आणलं का नाही अजून? शनिवारी गेला होतात."

हे म्हणाले, "तीनदा गेलो. तीनदा तेच म्हनते. तुमच्या बोलावन्याने येनार नाही. आईने बोलावलं तं येईन. आईने दोन वर्षांत एक कार्ड टाकलं नाही म्हने."

माझ्या तोंडून निघालं, "तुम्हीच तर सांगितलं होतं!"

"नाव घेयाचं नाही म्हनलो होतो. लिहायचं नाही असं कुठी म्हनलो?"

मग रागात नाही, थकून म्हणाले, "मले पारावरचा शब्द हाये, मी नाव घेऊन तुले कसं सांगू? म्हनलं, खोली झाली का तुले ओयखू येईन. तू तं हिशोबाची बाई."

जेवण तसंच राहिलं. पाटावरून उठून हे डालडाच्या डब्यातले खिळे निवडायला गेले, पट्ट्या ठोकायला.

दोन वर्षं मी समजत होते, दार यांनी लावलं. ती समजत होती, मी. पोथीत कार्ड आहे. पत्ता होता. टपालपेटी मारुतीच्या पाराजवळच आहे, रोज ओलांडते.

१४ मार्च १९९५, मंगळवार

कार्ड टाकलं. धुळ्याचा पत्ता यांच्याकडून घेतला. नक्कल ठेवते. पहिला शब्द लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

चि. कुंदा,

दोन वर्षं मी लिहिलं नाही. ते तुझ्या वडिलांवर ढकलणार नाही, हात माझा होता. खोली तयार आहे. तिला उंबरा नाही. बाजेच्या फटी मी स्वतः बोट घालून पाहिल्या, आता आच लागणार नाही. ओवा, शेपा भरून ठेवला आहे. तुझी निळी पट्टी माझ्याजवळ आहे. जावयांना म्हणावं, फळ्या सगळ्या कामी आल्या. एसटीने येऊ नकोस, हिलालभाऊच्या टेम्पोत पुढे बसून ये. कोणत्या दिवशी निघतेस ते उलट टपाली कळव.

तुझी आई